मी वही मिटली नाही

ओजस, तारा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक प्रश्न विचारला आणि मी तुम्हाला खोटं उत्तर दिलं. आनंदमामाआजोबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक उंच म्हातारे गृहस्थ बोलायला उभे राहिले होते, ते तुम्ही फोनवरून पाहिलंत. ते रघुवीरजी. पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी महूला ते मामाआजोबांविरुद्ध बॉक्सिंग खेळले होते आणि त्यांनी मामाआजोबांना खाली पाडलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सच बोलूं? दो राउंड तक मैं हार रहा था. आनंद को बस दूर रहना था. तीसरे में वो अंदर क्यों घुस आया, मुझे आज तक समझ नहीं आया."

त्यावर तारा, तू मला विचारलंस, "आजी, मामाआजोबा पुढे होते तर आत घुसले कशाला?" आणि मी म्हटलं, "काय माहीत बाळा. जुनी गोष्ट आहे."

मला माहीत आहे. जिवंत माणसांत फक्त मलाच माहीत होतं. आयुष्यभर मी वर्गात मुलांना सांगत आले की उत्तर येत नसेल तर तसं लिहा, पण येत असताना कोरं सोडू नका. म्हणून आता लिहिते आहे. पण हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं, त्याला सांगायचं होतं. तेव्हा पत्र त्याला आहे. तुम्ही माझ्याशेजारी बसून वाचता आहात असं समजा. एखादा शब्द अडला तर तुमच्या आईला विचारा, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नका.

आनंदा,

तू गेल्याला आज तेवीस दिवस झाले. पेपरात द्यायचं निवेदन मीच लिहिलं. नाव, वय, शाळेतली नोकरी, सगळं नीट. तुझी शकुन म्हणाली, "ताई, बॉक्सर होते ते पण लिहा ना." मी 'माजी मुष्टियोद्धा' असं लिहिलं आणि तू पोट धरून हसला असतास हे लगेच कळलं. "मुष्टियोद्धा! ताई, अपन तो टपल्या मारणारे लोक."

तुझ्या हातात दम नव्हता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. जग तुझ्या तोंडावर म्हणायचं, मी कधी म्हटलं नाही. पण मनात मीही तेच म्हणत होते, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तापलेल्या तव्याला बोट लावून बघावं तसा तुझा डावा हात जायचा आणि यायचा. गेला कधी ते दिसायचं नाही, फक्त समोरच्याचं डोकं जरासं मागे झालेलं दिसायचं. तो मारायला येईपर्यंत तू दुसरीकडे. बाबा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर महूच्या आपल्या भाड्याच्या घरामागे त्यांनी चुन्याची चौकट आखली होती. त्या चौकटीत ते तुला रोज सकाळी अर्धा तास नुसतं चालवायचे, हात न उचलता. रेघेवर पाय पडला की पुन्हा पहिल्यापासून. तू रडायचास. बाबा म्हणायचे, "रडताना पण पाय हलले पाहिजेत." आई खिडकीतून ओरडायची, "अहो, पोराला बॉक्सर करताय की नाच्या?" आणि तू डोळे पुसत हसायचास.

मी मागच्या दाराच्या पायरीवर वही घेऊन बसायचे. चार उभ्या काठ्या, पाचवी आडवी. नीट लागलेला ठोसाच मोजायचा, हातावर अडलेला नाही, पाठीवर पडलेला नाही. हे मोजणं बाबांनी मला शिकवलं, कारण त्यांना स्वतःला लढतीत ते करता यायचं नाही. ते म्हणायचे, "कोपऱ्यातून मला आपल्याच पोराची पाठ दिसते. मोजायला बाजूने बसावं लागतं." पंचांचे गुण शेवटपर्यंत कुणाला कळत नसत. म्हणून माझी वही. दोन राउंडमधल्या एका मिनिटात बाबा तुझं तोंड पुसायचे आणि एकदा माझ्याकडे बघायचे. मांडीवरची वही मिटलेली असली म्हणजे तू पुढे आहेस, आता लांब राहायचं आणि पाय चालवायचे. वही उघडी असली म्हणजे बरोबरी, काहीतरी करायला हवं. मी उभी राहिले म्हणजे तू मागे पडला आहेस. मला फारसं उभं राहावं लागलं नाही.

आपली ही पद्धत हॉलमध्ये कुणाला माहीत नव्हती. लोकांना वाटायचं, हवालदारसाहेबांची मास्तरीण मुलगी तिथेसुद्धा वह्या तपासत बसते.

तू जिंकायचास, आणि प्रत्येक वेळी पूर्ण तीन राउंड खेळून जिंकायचास. ज्याचा हात जड, त्याला एक ठोसा पुरतो, तो दोन मिनिटांत टॉवेल गळ्यात घालून घरी जातो. ज्याचा हात हलका, त्याला दर वेळी सगळी लढत लढावी लागते, शेवटच्या घंटेपर्यंत. तुझ्या एकाही लढतीत समोरचा माणूस पडला नाही. सगळे आपापल्या पायांनी रिंगमधून उतरले, काही तर निकाल ऐकून चकित झाले, कारण आपण हरतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. लोकांना हे आवडायचं नाही. लोक कुणीतरी पडेल म्हणून येतात.

निवड चाचणीची लढत. जो जिंकेल तो राज्याच्या संघात जाणार आणि खेळाडू म्हणून पक्की नोकरीही मिळणार, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. समोर जबलपूरचा रघुवीर, तुझ्याहून उंच, हात मुसळासारखे. माझं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. तुझे भाऊजी इंदूरहून खास लढत बघायला आले होते आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पांढरा शर्ट, केसांना तेल. मी त्यांच्याकडे धड बघितलंही नव्हतं.

पहिल्या राउंडमध्ये तू त्याला हात लावू दिला नाहीस. दुसऱ्यात त्याहून चांगला खेळलास. वहीत तुझ्या काठ्या त्याच्या जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. पण मागच्या रांगेत काय चाललं होतं ते तुला ऐकू गेलं नसेल.

"अबे ये मार रिया है कि मच्छर उड़ा रिया है?"

"इसके मुक्के से तो पापड़ नी टूटे भिया."

"भिया, वो गिरेगा नी, उसको नींद आ जाएगी."

सगळी रांग हसली. आणि तुझे भाऊजी माझ्याकडे वाकून, अगदी प्रेमाने, म्हणाले, "खरंच, तुझा भाऊ त्याला मारतोय की त्याची समजूत घालतोय?" आणि स्वतःच हसले.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना बॉक्सिंगमधलं काही कळत नव्हतं. पण माझे कान तापले. तेवीस वर्षांची होते मी. ज्या माणसाच्या घरी जन्म काढायचा, तो माझ्या भावाला हसत होता. तू जिंकायला नको होतास असं नव्हे. तू दिसेल असा जिंकायला हवा होतास. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी तुझ्या हाताने खाली पडायला हवा होता, त्या मागच्या रांगेसमोर आणि शेजारच्या खुर्चीसमोर.

घंटा झाली. तू स्टुलावर बसलास. बाबांनी तुझं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

वही मिटायला एका हाताचं काम. मी मिटली नाही. बाबांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं, कारण त्यांनाही जरा नवल वाटलं असावं. मी वही तशीच मांडीवर उघडी धरून बसले. मग ते तुझ्या कानाशी वाकले. तू मान हलवलीस. बरोबरी. काहीतरी करायला हवं.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू घंटा होताच सरळ आत गेलास. पायांनी नाही, खांद्याने. उजवा हात जन्मात फेकला नव्हतास तसा फेकलास आणि तो त्याच्या कपाळाच्या हाडावर बसला. मला तो आवाज आला. मी क्षणभर खूश झाले, हेही लिहिते. मग तुझा हात खाली लोंबायला लागला. हाताचं हाड मोडलं होतं. त्याने फक्त एक मारला. तू बसल्यासारखा खाली गेलास आणि आडवा झालास. पंचाने दहापर्यंत मोजलं. त्या दिवशी मोजायचं काम माझ्याकडे उरलं नव्हतं.

मागच्या रांगेतले लोक उभे राहून ओरडत होते. त्यांना हवं ते मिळालं होतं.

दवाखान्यात हाताला प्लास्टर करून तुला बाहेर आणलं तेव्हा तू पहिलं वाक्य मला बोललास. "ताई, बरोबरी होती ना?"

मी म्हटलं, "हो."

वहीचा उघडेपणा एक वेळ चूक म्हणता आला असता. हा 'हो' चूक नव्हता.

बाबा घरी येताना रिक्षात म्हणाले, "मोजणी हिची कधी चुकत नाही. बरोबरी असेल तर पोराने घुसायलाच हवं होतं. हात कमी पडला." ते असेपर्यंत त्यांचं मत तेच राहिलं. त्यांनी तुला दोष दिला नाही आणि मलाही नाही. दोष तुझ्या हाताला दिला. तूही दिलास.

मी का नाही सांगितलं? आधी तुझा हात प्लास्टरमध्ये होता. मग माझं लग्न. मग तू इंदूरच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात खोली घेऊन राहायला आलास, शाळेत ड्रिलचा मास्तर म्हणून लागलास, आणि संध्याकाळी वाळूची पिशवी टांगून मारायला लागलास. मला वाटलं, चार दिवसांत नाद सुटेल. चार वर्षं सुटला नाही. हात जड करायचा म्हणून तू पाय बांधल्यासारखा उभा राहून खेळायला लागलास. दोन द्यायचे, दोन घ्यायचे. ज्याने पहिल्या पाच वर्षांत कुणाचा ठोसा धड लागू दिला नव्हता, तो चार वर्षं रोज मार खात होता. मी एकदा बघायला आले होते. तुझ्या नाकातून रक्त येत होतं आणि तू मला अंगठा दाखवलास. मी वही नेली नव्हती. त्यानंतर कधीच नेली नाही.

त्या चार वर्षांत तू एकदाही जिंकला नाहीस. हात जड झालाच नाही. तो कसा होणार, तो हात त्यासाठी केलेलाच नव्हता.

मग तू खेळणं सोडलंस आणि जुन्या गोडाऊनच्या शेडमध्ये मुलांना शिकवायला लागलास. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते तीस वर्षं चाललं. दर रविवारी तू जेवायला यायचास, भात कालवता कालवता शेडमधल्या मुलांचं सांगायचास, आणि मी तेच म्हणायचे.

"त्यांना पाय शिकव ना रे. बाबांची चौकट आख."

"ताई, तुला काय कळतंय त्याच्यातलं? तू मोजतेस. मोजून कुणी पडत नाही."

"पडायलाच कशाला हवं?"

"बघ, मतलब साधी गोष्ट आहे." तू बोटं चाटून समजावायचास. "माझ्यापेक्षा चांगले पाय अख्ख्या मध्य प्रदेशात होते कुणाचे? नव्हते ना? त्या पायांनी मी कुठवर गेलो? बरोबरीपर्यंत. पायांनी बरोबरी होते, ताई. जिंकायला हात लागतो."

पायांनी बरोबरी होते. हे तुझं सगळं शास्त्र होतं आणि त्याचा पाया मी घातला होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की आनंदा, बरोबरी नव्हती, तू पुष्कळ पुढे होतास. भाताचं ताट समोर, तू समोर, तुझे भाऊजी आत पेपर वाचत. एका वाक्यात भांडण मिटलं असतं. मी म्हणायचे, "वरण घे अजून."

एक बारीक मुलगी यायची तुझ्याकडे, वेणी गालाला घासेल अशी मान हलवणारी. मी एकदा तुला डबा द्यायला शेडमध्ये आले होते तेव्हा तिला पाहिलं. तिचे पाय, आनंदा. चुन्याच्या रेघेत वाढल्यासारखे. मी दारातच उभी राहिले. तुलाही दिसत होतं, कारण तू तिच्याकडे बघताना बोलायचं थांबला होतास. मी म्हटलं, "हिला तरी." तू म्हणालास, "हिच्या हातात दम नाही. हिला मी माझ्यासारखी होऊ देणार नाही," आणि तिला पिशवीवर उभी केलीस. तिचं मनगट सहा महिन्यांत दुखावलं. मग ती यायची बंद झाली. तू तिच्याविषयी पुन्हा बोलला नाहीस आणि मीही नाही.

तुझ्या दुखण्याला पुढे नाव मिळालं, कंपवात. आधी डाव्या हाताचा कंप, मग चालताना पाय घासणं, मग बोलणं जड. मी डॉक्टरांना विचारलं की हे डोक्याला लागलेल्या मारामुळे का. ते भले गृहस्थ म्हणाले, "सांगता येत नाही हो. ज्यांनी आयुष्यात बॉक्सिंग केलं नाही त्यांनाही होतं." मी ते वाक्य घरी आणलं आणि बरेच दिवस त्याचा आधार घेतला. आता त्याचा आधार वाटत नाही. सांगता येत नाही म्हणजे नाही असं नव्हे.

हे सगळं लिहिताना तू मला काय काय दिलंस तेही डोळ्यांसमोर येतं आणि त्याने आणखी वाईट वाटतं. मी पहिल्यांदा मोठ्या मुलांच्या वर्गावर गेले आणि रडत घरी आले, तेव्हा तू वीस वर्षांचाही नव्हतास. म्हणालास, "ताई, टेबलाच्या मागे उभी राहतेस ना? मग मारणारच. एका जागी उभी राहू नकोस. बाकांमधून फिरत राहा, ते वळेपर्यंत तू दुसरीकडे." मी पस्तीस वर्षं बाकांमधून फिरत इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गात कधी गडबड झाली नाही. तुझे भाऊजी गेले तेव्हा तू रोज सकाळी सातला यायचास, चप्पल काढायचास, स्वतः चहा करायचास, आणि समोर बसायचास. वर्षभर. सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीस. फक्त म्हणायचास, "चल ताई, दोन फेऱ्या मारू." आणि माझ्या पावलाला पाऊल लावून चालायचास. तुझे पाय तेव्हाच घासायला लागले होते.

गेल्या हिवाळ्यात मी एकदा ठरवून आले. दुपारी, शकुन स्वयंपाकघरात असताना. मी घरी कागदावर वाक्य लिहून पाठ केलं होतं. तू खिडकीशी खुर्चीत होतास, हात मांडीवर, डावा हलत होता. मी म्हटलं, "आनंदा, महूच्या त्या लढतीबद्दल तुला काही सांगायचंय."

तुला बोलायला वेळ लागायचा. मी थांबले. तू म्हणालास, "ताई... रघुवीर पुढे देशासाठी खेळला. ठाऊक आहे ना?"

"हो."

"त्याच्याशी... दोन राउंड मी बरोबरीत होतो." मग तू हसलास, अर्ध्या तोंडाने, जेवढं जमत होतं तेवढं. "शेडमधल्या पोरांना सांगायचो. रघुवीरशी बरोबरीत होतो म्हणून. पुष्कळ झालं की."

तू त्या बरोबरीला आयुष्यभर मेडलसारखी छातीवर लावून फिरलास. आणि ती बरोबरीही माझीच, मी दिलेली, तुझ्या हक्काचं काढून घेऊन त्या जागी ठेवलेली. मला वाटलं, आता सांगितलं तर हेही जाईल. नंतर कळलं की जाणार काही नव्हतं, मिळणारच होतं. तेवढ्यात शकुन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय चाललंय बहीण-भावाचं?" मी म्हटलं, "काही नाही, जुन्या गप्पा." ते वाक्य लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. घरी जाऊन फाडून टाकला.

पुण्यानुमोदनाला भंतेजींची वंदना झाल्यावर शकुनने विचारलं, कुणाला बोलायचं आहे का. तेव्हा रघुवीर उठला. आता तो मुलाकडे इंदूरलाच राहतो, पेपरात निवेदन वाचून आला होता. त्याने जे सांगितलं ते मुलांसाठी मी वर लिहिलंच आहे. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "दीदी, आप वो कॉपी लेके बैठती थीं ना? हमारे उस्ताद बोलते थे, इस लड़की से डर लगता है."

मी विचारलं, "तुम्हाला खरंच वाटत होतं का हरतोय म्हणून?"

"वाटत क्या था दीदी, मालूम था." तो बोटांनी स्वतःच्या गालाला टपली मारून म्हणाला, "इधर से आता था, इधर से जाता था, मुझे तो उसकी शकल भी ठीक से नहीं दिखी. उस्ताद ने दूसरे राउंड के बाद बोल दिया था, बेटा, अब कुछ नहीं हो सकता, बस इज्जत से पूरा कर. फिर वो खुद ही अंदर आ गया." मग म्हणाला, "उसके कोने ने उसको गलत बताया होगा. ऐसा होता है."

मी त्याला म्हटलं, "हो. तसंच झालं असेल."

आणखी एक खोटं. जाताना त्यानेही, बाबांसारखं, माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं.

बुधवारी मी शकुनकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण बसले असते तर राहिलं असतं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता हात थांबले. मला वाटलं होतं ती रडेल किंवा म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं ते झालं. ती म्हणाली, "रोज संध्याकाळी हात सुजवून यायचे ते. मी मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायची. विचारायचे, शकुन, हा हात कधी सुधारेल गं? आणि तुम्ही रविवारी त्यांना जेवायला वाढायचात." मग तिने भाजीचं ताट उचललं आणि आत गेली. मी बराच वेळ उभी होते. ती बाहेर आली नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तो तिने उचलला नाही. तिचं बरोबर आहे.

मला माफी मागता येत नाही, कारण मागायची कुणाकडे? तू असतास तर काय म्हणाला असतास याचा अंदाज मी रोज करते. कधी वाटतं, हसला असतास. कधी वाटतं, उठून गेला असतास आणि पुढच्या रविवारी आला नसतास. साठ-सत्तर वर्षं तुला ओळखून मला हे एवढं सांगता येत नाही. ज्याला विचारायचं तो नाही, आणि होता तेव्हा मी वरण वाढत होते.

तुझी शेड पाडली. तिथे आता गाड्या लावतात. ज्यांना तू शिकवलंस ते तुझी आठवण काढतात, पण त्यांच्यापैकी एकाकडेही तुझे पाय नाहीत, कारण तू ते कुणाला दिलेच नाहीस. बाबांनी चुन्याच्या रेघेत जे तुझ्या अंगात घातलं, ते तुझ्याबरोबर संपलं. एक हुनर होतं, ते निरुपयोगी आहे असं तुला पटलं, आणि ते पटवणारी मी. याच्यावर काही उपाय नाही. मी शोधला.

ओजस, तारा, तुम्ही विचारलं होतं, पुढे होते तर घुसले कशाला. हे त्याचं उत्तर. तुम्हाला आता माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या, मला फोनवर बरं वाटेल असं काही बोलू नका.

तुझं, आनंदा, काय उरलं ते मी मोजून पाहिलं. रघुवीर आहे. पंच्याहत्तरीचा आहे, दोन जिने चढतो, पेपर स्वतः वाचतो, आणि दोन राउंड तू त्याच्या पुढे होतास हे त्याला स्वच्छ आठवतं. शकुनला माहीत आहे. मला माहीत आहे. कॅलगरीत ओजसला आणि ताराला आजपासून माहीत आहे. कार्यक्रमात बाकीच्यांनीही ऐकलं, पण गेलेल्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणून बोललेलं समजून. बाकी काही नाही. पाच माणसांना माहीत आहे की तू जिंकत होतास.